गुरुवारचा संकल्प

१८ ऑगस्ट २०२१, बुधवार

मैथिलीचा फोन. आवाज घुमत होता, मागे पाणी वाहत होतं. बाथरूममध्ये नळ सोडून बोलत होती! मी म्हटलं, अगं पाणी किती वाया! तर म्हणाली, "आई, पाणी राहू दे. पुढच्या गुरुवारी निघतेय. कौमुदीला घेऊन. कायमची. कुणाला बोलू नकोस."

तिच्या हॉलमध्ये ते विचारलं की बोलणारं यंत्र आहे. जावयाने, यतिनने लावलेलं. घर सोडून गेला तेव्हा नेलं नाही. का नेलं नाही? हुशार माणूस असा वस्तू विसरून जात नाही. ते चोरून ऐकत असेल अशी मला तेव्हाच शंका आली होती.

फेब्रुवारीपासून दोघं वेगळी राहतात, पण एकाच गावात — हॉलंडमध्ये, आइंडहोवनला. सहा वर्षांची पोर एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे. रविवारी संध्याकाळी अदलाबदल. पोर आहे का भिशीचा नंबर!

बापाच्या सहीशिवाय पोरीला देशाबाहेर न्यायचं नाही असा तिथला कायदा. आणि जावई सही देणार नाही. म्हणून हॉलंडमधून विमान घ्यायचंच नाही. मैत्रिणीच्या गाडीने जर्मनीत जायचं, फ्रँकफर्टहून बसायचं. मी विचारलं, मध्ये तपासणी? "नसतेच आई. रस्त्यात एक निळी पाटी येते, देश बदलतो. गाडीचा वेगसुद्धा कमी होत नाही."

कौमुदीचा पासपोर्ट इथला, ऑस्ट्रेलियाचा आहे. बाळंतपणाला माहेरी ये म्हणून मीच हट्ट धरला होता. इथे सिडनीत, वेस्टमीडला जन्मली. दत्तमहाराजांनी तेव्हाच सोय करून ठेवली म्हणायची.

१९ ऑगस्ट

ह्यांना सांगितलं. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "यतिनला माहीत आहे का?" काय प्रश्न! माहीत असतं तर नळ कशाला सोडावा लागला असता?

धवललाही सांगावं लागलं, तिकिटाचं त्यानेच जमवलं. म्हणजे मंजिरीच्या कानावर जाणार. सून माझी, पण यतिन तिचा मावसभाऊ. स्थळ तिनेच आणलं होतं. गोड बोलते. जपून राहायला हवं.

२२ ऑगस्ट, रविवार. श्रावण पौर्णिमा

सत्यनारायण झाला. झूमवर! क्वेकर्स हिलचे भास्करगुरुजी त्यांच्या देवघरातून, आम्ही इथे टूनगॅबीत चौरंगासमोर. धवल-मंजिरी कॅसल हिलहून. करोनाचं लॉकडाऊन, पाच किलोमीटरच्या बाहेर जायची बंदी, त्यामुळे मुलगा गाडीने वीस मिनिटांवर असून स्क्रीनवरच. मैथिलीला आणि नातीच्या आयपॅडवर वेगळी लिंक मीच पाठवली होती. पोरीच्या कानावर कथा पडावी. आयपॅड अगदी वेळेवर आला, चौकोन काळाच. मैथिली मात्र पहिला अध्याय संपल्यावर उगवली.

पाणी सोडताना गुरुजी म्हणाले, "संकल्प काय म्हणू?" मी म्हटलं, मुलगी मैथिली आणि नात कौमुदी, दोघींचा गुरुवारचा प्रवास निर्विघ्न होऊन त्या कायमच्या घरी याव्यात. गुरुजींनी गोत्रासकट व्यवस्थित म्हटलं. मग थांबले. "आणि जावईबापूंचं नाव?" मी म्हटलं, नको. "अहो, सहकुटुंब म्हणायची पद्धत आहे." मी पुन्हा म्हटलं, नको.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "देवाला गुरुवार सांगावा लागत नाही. त्याच्याकडे कॅलेंडर असतं." ह्यांचं नेहमीचंच.

आरती ऐन रंगात आलेली, तेवढ्यात दारावर टकटक. दोन पोलीस! माझी पाचावर धारण बसली. शेजारून तक्रार आलीय म्हणे, घरात गर्दी जमलीय, मोठ्याने गाणी चाललीयत. मी लॅपटॉपच उचलून दारात आणला. गुरुजी घंटा हलवतायत, धवल टाळ्या वाजवतोय. तरुण पोलीस हसायला लागला. "नो वरीज, आंटी. साउंड्स लवली." प्रसादाची वाटी पुढे केली, नको म्हणाला.

पण चुगली केली कुणी? समोरच्या बाईचा पडदा हलताना मी पाहिलाय. बारा वर्षं अंगणातली लिंबं नेते माझ्याकडून!

२४ ऑगस्ट

धवलच्या ऑफिसातल्या एकाची आई ब्रिस्बेनला वारली. त्याला जाता आलं नाही. एकच देश, पण क्वीन्सलँड राज्याच्या सीमेवर पोलीस उभे, परवाना दाखवा म्हणून. आणि तिकडे सव्वीस देश, मध्ये साधी दोरीसुद्धा नाही! पोरी सुटतील. नक्की सुटतील.

२६ ऑगस्ट, गुरुवार

निघाल्या. "पाटी दिसली" एवढाच मेसेज. देवापुढे समई तेवत ठेवलीय. इतर वेळी वात मीच बारीक करते, आज नाही केली.

२७ ऑगस्ट

पहाटे पाचला फोन. मैथिली रडत होती. शब्द कळेनात.

फ्रँकफर्टला पासपोर्ट बघणाऱ्या पोलिसाने कौमुदीचा पासपोर्ट यंत्रात घातला, स्क्रीनकडे पाहिलं, पोरीकडे पाहून हसला आणि कुणाला तरी फोन केला. मग दोघींना आत नेलं. "ही मुलगी हॉलंडच्या पोलिसांना हवी आहे" म्हणाले. हवी आहे म्हणजे काय? सहा वर्षांची! हातात सशाची बाहुली घेतलेली!

पोरीला एका सरकारी बाईच्या ताब्यात दिलं. यतिन चार तास गाडी चालवून येऊन घेऊन गेला. मैथिलीची बॅग मात्र विमानातून उतरवून परत दिली.

मी समई विझवली नाही. तेल संपून आपोआप विझली.

२८ ऑगस्ट

धवलने समजावून सांगितलं. "आई, युरोपात सगळ्या पोलिसांची एक कॉमन सिस्टीम आहे. एका देशाने नाव टाकलं की बाकी सगळ्यांच्या स्क्रीनवर येतं. बॉर्डरवर गेट नाही ना, म्हणून."

म्हणजे फाटकं काढून टाकली आणि डोळे एक केले. वा! मला वाटलं होतं, दार उघडं आहे. दार उघडं, पण आइंडहोवनला कुणी कुजबुजलं की फ्रँकफर्टला ऐकू येतं.

मी विचारलं, यतिनने नाव कधी दिलं? "बुधवारी सकाळी पोलिसांत गेला. मुलगी गुरुवारी देशाबाहेर नेणार आहेत म्हणून." गुरुवार! त्याला वार ठाऊक होता! पोरगी हरवल्यावर नाही गेला, हरवायच्या आधी गेला.

म्हणजे सांगितलं कुणीतरी. आमच्यातल्याच कुणीतरी.

३० ऑगस्ट

कुणी सांगितलं असेल ते बघते आहे. गाडीवाली मैत्रीण — डच बाई, तिला मराठी घराशी काय देणंघेणं? ते बोलकं यंत्र — पण नळ चालू होता. हे — ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत, हे काय फितूर होणार. धवल नाही, सख्खा भाऊ.

राहिली मंजिरी.

२ सप्टेंबर

कौमुदी सध्या यतिनकडे. मैथिलीने आठवड्यातून दोनदा भेटायचं, तेही एका तिऱ्हाईत बाईसमोर. आईने स्वतःच्या पोरीला भेटायचं तर पहारा! मैथिली म्हणाली, "आई, मी किडनॅपर आहे त्यांच्या फाइलमध्ये." असा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता.

१० सप्टेंबर. गणेश चतुर्थी

मंजिरीने व्हिडिओवर गणपती दाखवला. मोदक नीट वळले होते, कबूल करते. मी फारसं बोलले नाही. शेवटी तीच म्हणाली, "आई, दोन आठवडे तुम्ही माझ्याशी हं-हूं करताय. सरळ विचारा ना काय ते."

विचारलं. सरळच विचारलं — यतिनला तू कळवलंस का?

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो आई, मला तर निघायचा वारसुद्धा माहीत नव्हता. धवलने सांगितलाच नाही. तुमच्या पूजेत कळला!" आणि फोन कट.

वर राग! सारवासारव कशी करायची ते शिकावं हिच्याकडून. मला वार माहीत नव्हता म्हणे.

१९ सप्टेंबर

विसर्जन बादलीत. पाणी तुळशीला घातलं. मैथिलीचा फोन नाही.

११ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून लॉकडाऊनमधून सुटलो. दोन डोस झालेल्यांना घरी येता येईल. धवल म्हणाला, आम्ही दोघं संध्याकाळी येतो. मी म्हटलं, मला खोकला आहे. खोकला बिकला काही नाही.

हे ऐकत होते. पहिल्यांदाच आवाज चढवला. "चार महिन्यांनी मुलगा येतोय आणि तू खोकतेस? अगं, पोलीस तरी पुरावा मागतात!"

धवल एकटा आला. दारातच पंधरा मिनिटं थांबला. मंजिरीने पाठवलेला श्रीखंडाचा डबा दिला. मी डबा रिकामा करून धुऊन त्याच्याच हाती परत दिला. मोकळा. असा कधी देत नाही. निदान साखर घालते.

३ नोव्हेंबर

उद्या लक्ष्मीपूजन. मुहूर्त विचारायला भास्करगुरुजींना फोन केला. बोलता बोलता म्हणाले, "जावईबापू बरे आहेत ना? फार सज्जन माणूस. सत्यनारायणाच्या रात्री फोन होता त्यांचा."

मी म्हटलं, कुणाचा?

"अहो, तुमच्या निमंत्रणावर माझा नंबर होता ना, त्यावर. म्हणाले, गुरुजी, संकल्पात माझं नाव राहून गेलं का? मी म्हटलं, राहून नाही गेलं, यजमानीणबाईंनीच नको म्हटलं. खोटं कसं बोलू? मग म्हणाले, माझ्या नावाने एक तुळशीचं पान वाहा. दक्षिणा पण पाठवली, नको म्हणत असताना."

मुहूर्त काय सांगितला ते लक्षात नाही. पुन्हा फोन करायला धीर होत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

पूजा रविवारी, इथे संध्याकाळी पाचला. तिकडे सकाळी नऊ. अदलाबदल संध्याकाळी. म्हणजे पोर तेव्हा बापाकडे होती! आणि आयपॅड पोरीबरोबर फिरतो.

तो काळा चौकोन. मी त्याला आरती दाखवली होती. "घे बाळा" म्हणाले होते.

४ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

मंजिरीला फोन केला. म्हटलं, तू खरं बोलत होतीस. यतिनने माझ्याच तोंडून ऐकलं. ती मग म्हणाली, "मग आता खोकला कसा आहे, आई?"

मी हसले आणि रडलेही. संध्याकाळी दोघं जेवायला आले. तिच्या हातचा डबा मी भरून परत दिला.

६ नोव्हेंबर

मैथिलीला सांगितलं. तिने फोन ठेवला.

८ नोव्हेंबर

यतिनला मीच फोन लावला. त्याने एका रिंगमध्ये उचलला.

"आई, आम्ही दोघं बसलो होतो पूजेला. कौमुदीनेच लिंक लावली. योगाची चटई पाट म्हणून घातली, हातात तांदूळ घेतले. मी मुद्दाम कॅमेरा बंद ठेवला. तुम्हाला अवघडायला नको."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं, प्रवास म्हणजे कुठेतरी सुट्टीला. मग तुम्ही कायमच्या म्हणालात. आणि माझं नाव नको म्हणालात. कौमुदीने मला विचारलं — पपा, कायमच्या म्हणजे किती झोपा?"

तिकडे मुलं दिवस मोजत नाहीत, झोपा मोजतात म्हणे. अजून इतक्या झोपा झाल्या की वाढदिवस.

"दोन दिवस विचार केला आई, मग गेलो पोलिसांत. मैथिलीच्या फोनवर ती कुठे आहे ते बघायचो ही माझी चूक. ते मी कधीच बंद केलंय. पण पोर माझी पण आहे."

खरं बोलत असेल? गोड आवाजावर मी आता जात नाही. मंजिरीच्या बाबतीत उलटं फसले. पण पोरीचं ते वाक्य त्याने रचलेलं वाटलं नाही. असलं वाक्य मोठ्या माणसाला सुचत नाही.

२० नोव्हेंबर

कोर्टाने मधे माणूस बसवून दोघांना बोलायला लावलं. मैथिली आता फोनवर बोलते, कामापुरती. इथली सीमा उघडली, बाहेरून येणाऱ्यांना हॉटेलात कोंडणंही संपलं. मैथिलीने मागितलं — नाताळात पोरीला सिडनीला नेऊ दे, आईबाबांना भेटवू दे. यतिनचा वकील नको म्हणतोय. एकदा पळवली, पुन्हा पळवेल.

यतिनने मला फोन केला. "आई, मी मैथिलीवर विश्वास ठेवू शकत नाही. वकिलावर पण नाही. तुम्ही देवासमोर म्हणा की बावीस जानेवारीला कौमुदी परत विमानात बसेल, मी सही करतो."

ज्या बाईने त्याचं नाव गाळलं तिच्याकडेच शब्द मागतोय! यात काही डाव असेल का? रात्रभर उलटसुलट केलं. हे म्हणाले, "डाव असला तर तो हरेल. नसला आणि तू शब्द नाही दिलास, तर आपण."

२१ नोव्हेंबर

आंघोळ करून देवापुढे बसले. फोन समोर उभा ठेवला, कॅमेरा चालू. हातात पाणी घेतलं. मैथिली, यतिन आणि कौमुदी — तिघांची नावं घेतली. तारीख मोठ्याने म्हटली. त्याने तिकडे हात जोडले.

१२ डिसेंबर, रविवार

आल्या! नव्या व्हेरियंटमुळे बहात्तर तास घरातच राहायचं. राहू की! कौमुदी उंच झालीय. मराठी बोलते पण मध्येच डच. मला "आजी, कोम!" म्हणते, ये म्हणजे.

बॅगेतून एक रंगीत कागदी साखळी काढली. यतिनने करून दिलीय. रोज झोपायच्या आधी एक कडी फाडायची. शेवटच्या सोनेरी कडीवर त्याने लिहिलंय, 'पपा'. देवघराच्या दाराला बांधली. मैथिलीने पाहिलं आणि बॅग उचलून आत गेली.

१८ डिसेंबर. दत्तजयंती

कौमुदीने आरतीला टाळ वाजवला. समोरची बाई आली, लिंबं मागायला. म्हणाली, "युअर सिंगिंग, सो नाइस." मी तिच्याकडे बघून घेतलं. लिंबं दिली. चार.

पोर रोज कडी फाडते आणि फाडलेला कागद देवासमोर ठेवते. कुणी शिकवलं? कुणी नाही.

२७ डिसेंबर

मैथिली अंगणात जाऊन फोनवर बोलते. मी गेले की इंग्लिशमध्ये "कॉल यू लेटर". विचारलं तर म्हणते, ऑफिस. नाताळच्या सुट्टीत कसलं ऑफिस?

काल शाळेवरून जाताना कौमुदीला म्हणाली, "आवडली का ही शाळा?" सहज म्हणाली असेल. सहजच.

३१ डिसेंबर

साखळी दिसत नाही. कौमुदी रडली. मैथिली म्हणाली, वाऱ्याने उडाली असेल. देवघरात वारा?

२ जानेवारी २०२२, रविवार

पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये हात घालून दहा सेंटवाल्या बाटल्या वेगळ्या काढत होते. परत दिल्या की पैसे मिळतात, सगळी कॉलनी फेकून देते. तळाशी साखळी सापडली. चुरगाळून कोंबलेली. सोनेरी कडी तशीच.

पुसून आत आणली. मैथिलीपुढे ठेवली.

"आई, मी परत जाणार नाही." अगदी शांतपणे म्हणाली. "टूनगॅबीच्या शाळेत तिचं नाव घालतेय. इथला वकील पाहिलाय. पोरगी इथे रुळली की कोर्टही सहजी हलवत नाही."

मी म्हटलं, मी शब्द दिलाय. देवासमोर.

"तुझा शब्द होता. माझा नव्हता. तू फक्त गप्प राहा, आई. मागच्या वेळी बोललीस तेवढं पुरे झालं."

खरंच बोलली.

रात्री ह्यांना विचारलं, काय करू? हे कूस बदलून म्हणाले, "मला विचारलंस तर मी तेव्हाच सांगितलं होतं असं होईल." मग उठून बसले. "यतिनने दुसऱ्यांदा तक्रार केली तर हिच्या हाती पोर राहील का? आणि केली नाही तर त्याच्या हाती काय राहील?"

गप्प राहिले तर कौमुदीचा बाप जातो. बोलले तर माझी मुलगी जाते. दोन्हीकडे माझंच तोंड.

कौमुदीने झोपेत कूस बदलली की विचारते, "आजी, किती झोपा?" मी आज सांगितलं, वीस.

३ जानेवारी, सोमवार

साखळी देवघराच्या दाराला पुन्हा बांधली. मैथिली आंघोळीला गेली. नळ चालू होता. मी यतिनला फोन लावला.